पाठ बधिर, पाय जागे

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांची तीव्रतेनुसार क्रमवारी लावली, तर मणक्याच्या शस्त्रक्रियांचे स्थान फार वरचे ठरते. जर्मनीतील १०५ रुग्णालयांमधल्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशी आपल्या वेदनेला शून्य ते दहा यांपैकी गुण देण्यास सांगून १७९ प्रकारच्या शस्त्रक्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मणके एकमेकांना कायमचे जोडण्याच्या शस्त्रक्रिया सर्वाधिक दुखणाऱ्या सहा प्रकारांमध्ये आल्या. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. अपेंडिक्स, टॉन्सिल आणि मूळव्याध यांच्या शस्त्रक्रिया, ज्यांना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही 'किरकोळ' म्हणतात, त्या पोटाच्या कित्येक मोठ्या शस्त्रक्रियांपेक्षा अधिक वेदनादायक ठरल्या. कारण मोठ्या शस्त्रक्रियेत वेदनाशमनाची तयारी आधीपासून केली जाते आणि लहान शस्त्रक्रियेत ती बहुधा एखाद्या गोळीवर निभावून नेली जाते. रुग्णाला किती दुखेल हे केवळ चिरेच्या लांबीवर ठरत नाही, तर त्या वेदनेसाठी आधी कोणती योजना केली आहे यावरही ठरते, आणि मणक्याच्या बाबतीत त्या योजनेतील सर्वांत जुना, तरीही अजून पुरता वापरला न गेलेला भाग म्हणजे स्थानिक भुलीची औषधे.

मणक्यापर्यंत पाठीमागून पोहोचायचे, तर शल्यचिकित्सकाला त्वचेखालची जाड स्नायूंची फळी हाडापासून सोडवून दोन्ही बाजूंना ओढून धरावी लागते. हे स्नायू माणसाला उभे ठेवणारे, म्हणजे दिवसभर कामात असणारे स्नायू आहेत. शस्त्रक्रियेत ते तासन्‌तास ताणलेले राहतात, त्यांचा रक्तपुरवठा त्या वेळेपुरता कमी होतो, आणि नंतर रुग्ण कुशीवर वळला, खोकला किंवा उठून बसू लागला की तेच स्नायू आकुंचन पावतात. त्याखाली हाडावरचे संवेदनशील आवरण असते, मणक्यांना बांधणारे अस्थिबंध असतात आणि मणक्यांमधले छोटे सांधे असतात. या सगळ्यांत वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची दाट वीण असते. सरकलेल्या गादीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेत ही उलथापालथ एकदोन मणक्यांपुरती राहते, तर पाठीचा बाक सरळ करण्यासाठी अनेक मणक्यांत स्क्रू आणि सळया बसवायच्या असतील तेव्हा ती मानेच्या खालपासून कमरेपर्यंत जाऊ शकते.

या सर्व भागाच्या संवेदना मात्र एका ठरावीक वाटेने जातात, आणि पुढील सगळे विवेचन त्या वाटेवर अवलंबून आहे. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक मज्जातंतू मणक्यांच्या फटीतून बाहेर पडताच त्याच्या दोन शाखा होतात. पुढची शाखा मोठी असते. ती छाती-पोटाच्या भिंतीकडे आणि हातापायांकडे जाते, आणि पायाची हालचाल व स्पर्श कमरेतल्या अशाच शाखांवर चालतो. मागची शाखा बारीक असते आणि ती फक्त पाठीकडे वळते: तेथील स्नायू, छोटे सांधे आणि त्वचा हा तिचा मुलूख. शस्त्रक्रियेच्या जखमेची वेदना मुख्यतः या मागच्या शाखांमधून मेंदूकडे जाते. रुग्ण ज्या पायातल्या कळेसाठी, म्हणजे लोक ज्याला सायटिका म्हणतात त्यासाठी शस्त्रक्रियेला आलेला असतो, ती कळ मात्र दबलेल्या मज्जातंतूच्या मुळाची असते; दाब निघाल्यावर ती सहसा शमते आणि पाठीच्या स्नायूंत दिलेल्या औषधाशी तिचा संबंध नसतो. रुग्णाच्या तोंडी या दोन्ही वेदनांना 'दुखणे' हा एकच शब्द असल्याने पहिल्या दिवशी बराच घोटाळा होतो. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही 'आधीपेक्षा जास्त दुखते' असे रुग्ण सांगतो, आणि त्याचे म्हणणे अर्थातच खरे असते.

स्थानिक भुलीचे औषध मेंदूला झोपवत नाही. ते मज्जातंतूतून जाणारा संदेश वाटेतच थांबवते. मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमचे विद्युतभारित कण आत घेणाऱ्या सूक्ष्म मार्गिका असतात, त्या उघडल्या की विद्युतलहर निर्माण होते आणि ती तंतूच्या लांबीभर पुढे सरकत जाते. औषधाचा रेणू विद्युतभाररहित रूपात पडदा ओलांडून आत शिरतो, आत गेल्यावर भारित होतो आणि मार्गिकेला आतल्या बाजूने चिकटून ती बंद ठेवतो. या रसायनाचा एक व्यावहारिक परिणाम आहे. जखम किंवा गळू यांमुळे ऊती आम्लधर्मी झाल्या असतील, तर औषधाचा बराचसा भाग बाहेरच भारित होऊन अडकतो आणि गुण कमी येतो. म्हणूनच मणक्याच्या क्षयरोगातील किंवा अन्य जंतुसंसर्गातील शस्त्रक्रियेत पू असलेल्या जागी दिलेले औषध अपेक्षेइतके चालत नाही, आणि भारतातल्या भूलतज्ज्ञांना ही अडचण परदेशातील सहकाऱ्यांपेक्षा अधिक वेळा भेटते. दुसरा परिणाम उपकारक आहे. वेदना वाहणारे तंतू बारीक असतात व स्नायू हलवणारे तंतू जाड असतात. औषधाची तीव्रता कमी ठेवली, तर बारीक तंतू आधी बंद पडतात आणि हालचालीचे तंतू बऱ्याच अंशी चालू राहतात.

या औषधांचा इतिहास १८८४ सालच्या व्हिएन्नात सुरू होतो, जेव्हा कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर होतो हे दाखवले. मणक्याशी त्यांची गाठ चौदा वर्षांनी पडली. जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी एका रुग्णाच्या पाठीतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन सोडले आणि कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली. काही दिवसांतच त्यांनी व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. बधिर झालेल्या हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर हातोडीचे घाव घालून झाले, आणि नंतर बीअर यांना द्रव गळल्यामुळे येणारी डोकेदुखी कित्येक दिवस भोगावी लागली. व्यसन लावणाऱ्या कोकेनची जागा पुढे प्रोकेनने आणि मग लिडोकेनने घेतली. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली तयार केलेले लिडोकेन १९४८ पासून 'झायलोकेन' या नावाने बाजारात आले आणि दाताच्या डॉक्टरांमुळे ते नाव घरोघरी पोहोचले. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र बहुधा बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन वापरतात, कारण लिडोकेनचा अंमल तासा-दोन तासांत उतरतो आणि ही दोन औषधे अनेक तास टिकतात.

बीअर यांच्या मार्गाने, म्हणजे मज्जारज्जूच्या शेजारी औषध देऊन, वेदना सर्वांत पूर्णपणे थांबते. मग मणक्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर तेच का करू नये? या प्रश्नाचे उत्तर वेदनेच्या नव्हे, तर सुरक्षिततेच्या विचारात आहे. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला शल्यचिकित्सक सर्वांत आधी पायाची बोटे हलवायला सांगतो. मज्जारज्जूला वा त्याच्या मुळांना इजा झालेली नाही याचा तो पुरावा असतो, आणि पुढचा दिवसभर तो पुन्हा पुन्हा तपासला जातो. मणक्याच्या पोकळीत रक्ताची गाठ साचून मज्जारज्जूवर दाब आला, तर पायातली ताकद कमी होणे ही पहिली खूण असते आणि त्यानंतर गाठ काढायला मिळणारा वेळ थोड्या तासांचा असतो. औषधाने पाय आधीच जड झालेले असतील, तर ही खूण लपते. डॉक्टर 'औषधाचा अंमल असेल' असे समजून थांबतात, आणि तेवढ्या थांबण्याने पाय कायमचे जाऊ शकतात. पाठ बधिर राहावी आणि पाय जागे राहावेत ही या क्षेत्रातली खरी कसोटी आहे, आणि पुढे येणारी प्रत्येक पद्धत त्याच कसोटीवर पारखावी लागते.

एपिड्यूरल पद्धतीत मज्जारज्जूच्या जाड आवरणाबाहेरच्या फटीत केसासारखी बारीक नळी ठेवून औषध हळूहळू सोडले जाते. मणक्याच्या शस्त्रक्रियेत ती फट समोर उघडीच असल्यामुळे शल्यचिकित्सक जखम शिवण्यापूर्वी स्वतःच्या नजरेखाली नळी बसवू शकतो. अनेक मणक्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ही पद्धत निर्विवाद गुणकारी आहे; शस्त्रक्रियांनुसार वेदनाशमनाच्या शिफारशी करणाऱ्या 'प्रॉस्पेक्ट' या युरोपीय गटाने मणक्याच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी २०२१ मध्ये ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या आणि शिरेतून केटामीन यांच्या बरोबरीने एपिड्यूरलचा समावेश आहे. रोपिव्हाकेनची तीव्रता ०.१ ते ०.२ टक्के इतकी कमी ठेवली, तर पाय बहुतेक वेळा हलते राहतात. तरीही नळी सरकते, औषध एका बाजूला साचते, रक्तदाब उतरतो, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेने दर तासाला पायांची ताकद तपासून नोंद केली नाही, तर पद्धतीतला धोका पद्धतीच्या फायद्यापेक्षा मोठा होतो. जिथे अशी देखरेख खात्रीने होत नाही, तिथे एपिड्यूरलचा आग्रह धरू नये.

याच्या उलट टोकाला सर्वांत साधी पद्धत आहे: टाके घालण्यापूर्वी, किंवा चिरा देण्यापूर्वी, किंवा दोन्ही वेळा, स्नायूंत आणि त्वचेखाली औषध टोचून ठेवणे. तिला वेगळे यंत्र लागत नाही, वेगळे प्रशिक्षण लागत नाही, चार-पाच मिनिटे पुरतात आणि औषध स्वस्त आहे. मणक्याची मागची कमान काढून दाब मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी प्रॉस्पेक्ट गटाने पॅरासिटामॉल आणि दाहशामक औषधांबरोबर हेच टोचणे शिफारसीत घेतले आहे. औषधात एका लाखाला अर्धा भाग या प्रमाणात ॲड्रेनॅलीन मिसळले, तर रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव थोडा घटतो आणि औषध रक्तात उशिरा शोषले जाते. मात्र औषध स्नायूंच्या थरात नीट पसरवावे लागते. केवळ त्वचेखाली एक रेघ ओढून मोकळे झाल्यास त्वचा बधिर होते आणि खरा ठणका ज्या स्नायूंतून उठतो ते तसेच राहतात. या पद्धतीवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नसण्याचे एक कारण हेच असावे, कारण 'औषध टोचले' या दोन शब्दांखाली फार वेगवेगळ्या दर्जाचे काम झाकले जाते. शिवाय एक पथ्य कडक आहे. शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचे आवरण कुठे फाटले असेल, तर त्याच्या आसपास औषध सोडता कामा नये. ते आतल्या द्रवात शिरले, तर बीअर यांनी जे जाणूनबुजून केले तेच अनवधानाने होते आणि औषध वर चढल्यास श्वासही थांबू शकतो.

या दोन टोकांच्या मध्ये गेल्या दहा वर्षांत एक नवी पद्धत आली आणि तिने या क्षेत्राचा नूरच बदलला. कॅनडातील डॉ. मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये छातीच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या वेदनेवर उपाय म्हणून तिचे वर्णन केले. पाठीच्या उभ्या स्नायूंना 'इरेक्टर स्पायनी' म्हणतात. हे स्नायू आणि त्यांच्याखालची मणक्याची आडवी हाडे यांमध्ये असलेल्या पातळ थरात सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत औषध सोडायचे, म्हणजे ते वरखाली अनेक मणक्यांपर्यंत पसरते. या पद्धतीला 'इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक' असे लांबलचक नाव मिळाले. सुईचे टोक हाडावर टेकलेले असल्याने फुप्फुस आणि मज्जारज्जू दोन्हींपासून ती दूर राहते. मृतदेहांत रंगद्रव्य सोडून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, ते मागच्या शाखांपर्यंत बऱ्यापैकी खात्रीने पोहोचते, पण पुढच्या शाखांपर्यंत कधी पोहोचते, कधी नाही. बरगडी मोडलेल्या किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी हा लहरीपणा दोष आहे, कारण त्याची वेदना पुढच्या शाखेतून जाते. मणक्याच्या रुग्णासाठी तोच दोष गुण ठरतो: मागची शाखा बधिर होते, पुढची बहुतेक सुटते आणि पाय जागे राहतात. एका कामात अर्धवट ठरलेली पद्धत दुसऱ्या कामाला इतकी चपखल बसावी, असे वैद्यकात फार वेळा घडत नाही. कमरेच्या शस्त्रक्रियांवरील अनेक चाचण्यांत तिने पहिल्या चोवीस तासांतली मॉर्फिनसारख्या औषधांची गरज घटवली आहे. वेदनेच्या गुणांतला फरक मात्र पहिल्या काही तासांनंतर ओसरतो, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात या पद्धतीला एक कायदेशीर बाजूही आहे, जी परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा या राज्याने १९८८ मध्ये देशात सर्वांआधी केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानुसार सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही. भूलतज्ज्ञ त्या यंत्राने गर्भ पाहत नसून स्नायूचा थर पाहत असला, तरी नोंदणीची जबाबदारी सुटत नाही आणि यंत्र बगलेत मारून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात जाण्याची मोकळीक त्याला नसते. कायद्यामागचे कारण इतके गंभीर आहे की, ही अडचण सोसणेच रास्त. पण लहान गावातल्या रुग्णालयात साधे टोचणेच का अधिक चालते याचे एक उत्तर त्यात आहे.

कोणतीही पद्धत वापरली, तरी औषधाची एकूण मात्रा हा विषय टाळता येत नाही. बुपिव्हाकेनची सर्वसाधारण मर्यादा शरीराच्या दर किलोमागे सुमारे दोन मिलिग्रॅम धरली, तर साठ किलो वजनाच्या रुग्णाला १२० मिलिग्रॅम चालतात. पाव टक्का तीव्रतेच्या औषधात दर मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम असतात. भूलतज्ज्ञाने पाठीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिलिटर दिले की शंभर मिलिग्रॅम खर्ची पडले. शेवटी शल्यचिकित्सकाने चांगल्या हेतूने जखमेत आणखी वीस मिलिलिटर टोचले, तर बेरीज दीडशेवर जाते. दोघांनीही आपापल्या परीने योग्य मात्रा दिलेली असते, पण बेरीज कोणीच केलेली नसते. औषध रक्तात जास्त झाले की जागा रुग्ण ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानांत गुंजते असे सांगतो. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. संपूर्ण भुलीखाली असलेला रुग्ण यातले काहीच सांगू शकत नाही, त्यामुळे पहिली खूण थेट हृदयाच्या आलेखावर उमटण्याची शक्यता असते.

बुपिव्हाकेनमुळे थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे विशेष अवघड असते, याकडे अमेरिकेतील जॉर्ज अल्ब्राइट यांनी १९७९ साली एका संपादकीयातून लक्ष वेधले, आणि त्यातूनच पुढे रोपिव्हाकेनसारख्या तुलनेने सौम्य औषधांचा शोध घेतला गेला. उतारा अनपेक्षित जागी सापडला. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की, शिरेतून पोषण देण्यासाठी वापरले जाणारे स्निग्ध पदार्थांचे दुधाळ द्रावण आधी दिले, तर हृदय बंद पडायला बुपिव्हाकेनची बरीच जास्त मात्रा लागते. माणसात त्याने प्राण वाचल्याची पहिली नोंद २००६ मध्ये झाली. आज वीस टक्के तीव्रतेचे ते द्रावण, दर किलोमागे दीड मिलिलिटर या पहिल्या मात्रेने, जगभरच्या आणीबाणीच्या सूचनांमध्ये आहे. भूल दिली जाते अशा प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ते हाताशी असायला हवे.

औषधाचा अंमल तासांऐवजी दिवसांत मोजता यावा यासाठीचे प्रयत्न मात्र अजून समाधानकारक नाहीत. बुपिव्हाकेन सूक्ष्म स्निग्ध पुटिकांमध्ये भरून हळूहळू सुटेल असे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले आणि मोठ्या किमतीला विकले गेले. 'ॲनेस्थेसिओलॉजी' या नियतकालिकाने २०२१ मध्ये काही लेख छापून साध्या, स्वस्त बुपिव्हाकेनपेक्षा त्याचा लक्षणीय फायदा दिसत नाही असे मांडले. तेव्हा उत्पादक कंपनीने नियतकालिकाच्या मालक संस्थेवर बदनामीचा दावा लावला, जो न्यायालयाने फेटाळला. संशोधनाच्या निष्कर्षाला वकिलाने उत्तर देण्याचा हा प्रकार त्या औषधाबद्दल बरेच काही सांगून जातो.

अंमल मर्यादित असल्यामुळे स्थानिक भूल एकटी पुरत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणाऱ्या रुग्णालयांत मध्यरात्रीचा गोंधळ ठरलेला असतो: दुपारी शस्त्रक्रिया होते, संध्याकाळभर रुग्ण शांत असतो, म्हणून गोळ्या दिल्या जात नाहीत, आणि अंमल उतरताच वेदना एकदम उसळते. पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड व जठर यांना चालत असल्यास दाहशामक औषध हे अंमल असतानाच सुरू करावे लागते. वेगवेगळ्या औषधांनी वेगवेगळ्या जागी वेदना अडवण्याचा हा विचार हेन्रिक केलेट आणि यॉर्गेन डाल या डॅनिश तज्ज्ञांनी १९९३ मध्ये मांडला. त्याचा मणक्याच्या रुग्णाला होणारा लाभ असा की मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात, त्यामुळे मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ कमी होते, आणि तो लवकर उठून चालू लागतो. चिरा देण्याआधीच औषध टोचले, तर पुढची दीर्घकाळची पाठदुखीही टळेल अशी आशा एकेकाळी मोठी होती; पॅट्रिक वॉल यांनी १९८८ मध्ये ती आग्रहाने मांडली होती. चाचण्यांनी तिला ठाम दुजोरा दिलेला नाही, म्हणून 'आता पाठ कधीच दुखणार नाही' असे आश्वासन या औषधांच्या भरवशावर कोणी देऊ नये.

मणक्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या वाचकाने भूलतज्ज्ञाला आदल्या भेटीत काही गोष्टी आपणहून सांगाव्यात: दाताच्या इंजेक्शनने पूर्वी कधी त्रास झाला का, हृदयाच्या लयीचा किंवा यकृताचा आजार आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. वेदनेसाठी काय योजले आहे आणि त्याचा अंमल किती तास राहील हेही विचारून घ्यावे, कारण तेवढे माहीत असलेल्या माणसालाच अंमल लांबला हे कळू शकते. सांगितलेली वेळ उलटूनही पायात ताकद परतली नाही, आलेली ताकद पुन्हा कमी होऊ लागली, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा जाणवला किंवा लघवी अडली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता, रात्री कितीही वाजले असले तरी, त्याच क्षणी परिचारिकेला बोलावून डॉक्टरांना कळवण्याचा आग्रह धरावा.